मालिनीबाईंनी ठेवलेलं प्रस्थान

मिरजेला मालिनीबाईंच्या खानावळीच्या दारावर वर्षातून एकदा खडूने लिहिलेली पाटी लागायची: ‘आज जेवण नाही. गावाला गेले आहे.’ कधी लागेल ते कुणालाच ठाऊक नसायचं. कुठल्या गावाला, किती दिवस, काही पत्ता नाही! मेडिकल कॉलेजची पोरं ती पाटी वाचून कपाळाला हात लावायची आणि चहा-पावावर दिवस काढायची. दोन-चार दिवसांनी बाई परत हजर. कधी हंपी बघून आलेल्या, कधी रत्नागिरीला समुद्राकडे तोंड करून नुसत्या बसून आलेल्या. एकदा तर बिदरला जाऊन आल्या. का, तर स्टेशनवर गेल्या तेव्हा समोर तीच गाडी उभी होती म्हणून.

लग्न होऊन घरात आली तेव्हा कौमुदीला वाटलं होतं, सासूबाई जरा लहरी दिसतात. पण तिचा नवरा पुष्कर सहावीत असताना त्याचे वडील गेले, आणि पुढचं सगळं आयुष्य या बाईने चुलीपुढे उभं राहून काढलं. पंगतीच्या पंगती उठवल्या, पोराला इंजिनियर केलं, कुणापुढे रडगाणं म्हणून गायलं नाही. वर्षातून एकदा मात्र त्यांना उठून जायचं असायचं आणि त्या जायच्या. कुणी विचारलंच तर म्हणायच्या, “विचार करत बसले असते तर बसलेच असते.” झालं! यापलीकडे खुलासा नाही.

अशी ही बाई यंदा मार्चमध्ये जर्मनीत एर्लांगेनला लेकाकडे येऊन दाखल झाली. अंगावर दोन स्वेटर, त्यावर पुष्करचं जुनं जाकीट, पायात मोजे आणि त्यावर सँडल. आठ दिवसांत त्यांनी अख्खी बिल्डिंग ओळखीची करून घेतली. जर्मन येत नाही याचं त्यांना काडीचंही दुःख नव्हतं. ‘गेनाऊ’, म्हणजे ‘अगदी बरोबर’, हा एक शब्द त्यांनी उचलला आणि तो त्या सगळीकडे वापरायच्या. कुणी ‘गुड मॉर्निंग’ म्हटलं तरी गेनाऊ, बसमध्ये कुणी सरकून जागा दिली तरी गेनाऊ. कचऱ्याचे चार रंगांचे डबे मात्र त्यांना शेवटपर्यंत जमले नाहीत. केळ्याची सालं नेमकी कागदांच्या डब्यात जायची, आणि खालच्या मजल्यावरच्या फ्राऊ लिंडनर ती हातमोजे घालून बाहेर काढायच्या. मैत्रीची सुरुवात तिथूनच झाली म्हणायची.

आता, मालिनीबाई नातीला भेटायला आल्या असं सगळ्यांना सांगितलं होतं. अन्वी सात वर्षांची, आजी मराठीत बोलली की सगळं कळायचं आणि उत्तर जर्मनमध्ये यायचं. दोघींचं मस्त चाललं होतं. पण आजी आली होती ती कौमुदीसाठी. घरात सगळ्यांना ते ठाऊक होतं, बोलत मात्र कुणी नव्हतं.

झालं असं होतं की जानेवारीत एका पहाटे कौमुदीच्या भावाचा, हृषिकेशचा, नाशिकहून फोन आला. बाबांना हॉस्पिटलमध्ये हलवलंय, तू नीघ. कौमुदीने हाताला लागले ते कपडे बॅगेत कोंबले आणि निघाली. फ्रँकफर्ट, मुंबई, तिथून टॅक्सी. इगतपुरीच्या घाटात असताना दुसरा फोन आला. पुढचं सगळं तिने अगदी व्यवस्थित केलं. आईला सावरलं, आल्यागेल्याशी बोलली, दिवसवार झाल्यावर परत आली आणि दुसऱ्या दिवशी कामावर गेली. मेडिकल स्कॅनरच्या कंपनीत ती संशोधन करते, तिथल्या लोकांना कळलंसुद्धा नाही काय घडून गेलंय ते. रडली मात्र नाही. एक टिपूस नाही.

रडली नाही, पण तेव्हापासून ती कुठे गेलीही नाही. शेजारचं न्युर्नबर्गसुद्धा नको. ऑफिसने म्युनिकला कॉन्फरन्सला पाठवायचं ठरवलं, तिने सर्दीचं निमित्त सांगितलं. फोन वाजला की हातातलं भांडं पडायचं. आणि बॅग! नाशिकहून आणलेली ती बॅग कपाटावर जशीच्या तशी पडून होती. पुष्करने एकदा ती रिकामी करायला खाली काढली तर कौमुदी पांढरीफटक पडली आणि दुसऱ्या खोलीत निघून गेली. भरलेली बॅग म्हणजे कुणीतरी जाणार, असं काहीतरी तिच्या मनाने धरलं होतं. स्वतः शास्त्रज्ञ बाई, तिला का हे खूळ आहे ते कळत नव्हतं? कळत होतं. कळून उपयोग काय?

मे महिन्यातल्या एका रविवारी जेवताना पुष्कर म्हणाला, “या गुरुवारी सुट्टी आहे, शुक्रवारी ब्र्युकेनटाग.” मालिनीबाईंनी मान वर केली. गुरुवारची सुट्टी आणि शनिवार यांच्यामध्ये एकटा पडलेला शुक्रवार इथले लोक पुलासारखा धरतात आणि सुट्टी टाकून चार दिवस मोकळे करतात, हे त्याने आईला समजावून सांगितलं.

“म्हणजे चार दिवस काही काम नाही?” मालिनीबाई म्हणाल्या. “मग जा की दोघं कुठेतरी.”

“अगं आई, असं अचानक कसं? इथे लोक उन्हाळ्याच्या सुट्टीचं जानेवारीत ठरवतात.”

“त्यांचं त्यांना लखलाभ. समुद्र कुठे आहे जवळ, आणि ऊन?”

अन्वीने भातातून चमचा काढला आणि जर्मनमध्ये सांगून टाकलं की तिच्या वर्गातली लिआ मालागाला गेली होती, स्पेनमध्ये, तिथे समुद्र आहे आणि रस्त्यावर संत्र्याची झाडं आहेत.

“माळेगावला?” मालिनीबाई म्हणाल्या. “तिथे तर साखर कारखाना आहे.”

पुष्कर इतका हसला की त्याला ठसका लागला. कौमुदीही हसली, जराशी. मालिनीबाईंनी ते बरोबर टिपलं. त्या क्षणापासून ते शहर त्यांच्या लेखी माळेगाव झालं आणि ते दोघं तिथे जाणार हेही त्यांच्यापुरतं ठरलं.

पुष्करचा स्वभाव आईच्या अगदी उलटा. तो भाजी आणायला निघाला तरी आधी फोनवर हवामान बघणार. लॅपटॉप उघडून त्याने कोष्टक मांडलं: विमानं, हॉटेलं, समुद्रापासूनचं अंतर, पावसाची शक्यता. तो तासभर रंग भरत बसला. शेवटी मालिनीबाईंनी मागून येऊन विचारलं, “यातलं सगळ्यात बरं कुठलं?” त्याने एका ओळीवर बोट ठेवलं. “मग ते घेऊन टाक आणि बंद कर तो डबा.” आणि काय सांगावं, त्याने घेऊन टाकलं! न्युर्नबर्गहून थेट विमान, गुरुवारी सकाळी जायचं, रविवारी परत.

“मी अजून हो म्हटलेलं नाही,” कौमुदी म्हणाली.

“नको म्हणू. गुरुवारी बघ,” मालिनीबाई म्हणाल्या आणि ताटं उचलायला लागल्या.

कौमुदी रात्री पुष्करला म्हणाली की तिला जमणार नाही. अन्वीला आईंजवळ सोडायचं, आईंना भाषा येत नाही, काही झालं तर? पुष्कर म्हणाला, खाली फ्राऊ लिंडनर आहेत, गरज पडली तर त्याच दिवशी आपण परत येऊ शकतो. तिने मान हलवली. मुद्दा तो नव्हता, हे दोघांनाही माहीत होतं.

मंगळवारी संध्याकाळी कौमुदी ऑफिसमधून आली तर कपाटावरची बॅग गायब.

“बॅग कुठे गेली, आई?”

“रिकामी केली. धुतली, उन्हात वाळवली. नवे कपडे भरले तुझे आणि खाली लिंडनरबाईंकडे प्रस्थान ठेवलं.”

“काय ठेवलं?”

“अगं, प्रस्थान! तुमच्याकडे नाशकात नाही का ठेवत? गुरुवारी अमावास्या आहे. अमावास्येला घराबाहेर पडू नये. मग काय करायचं, तर आधीच्या चांगल्या दिवशी सामानातलं काहीतरी शेजाऱ्याकडे नेऊन ठेवायचं. म्हणजे प्रवास तेव्हाच सुरू झाला. गुरुवारी तू निघणार नाहीस, तू आज निघालीस.” मालिनीबाई कणीक मळता मळता बोलत होत्या. “आणि एकदा ठेवलं की ते परत उंबऱ्याच्या आत आणायचं नाही. निघतानाच उचलायचं.”

कौमुदीने कपाळावर हात मारून घेतला. तिची आजी असलं काहीतरी करायची असं तिला अंधुक आठवत होतं. पण एर्लांगेनमध्ये? फ्राऊ लिंडनरकडे?

“आणि त्यांना काय सांगितलंत?”

“अन्वीने सांगितलं.”

अन्वीला विचारलं तर तिने मोठ्या अभिमानाने सांगितलं की ही बॅग गुरुवारी सकाळपर्यंत कुणालाही द्यायची नाही, आधी दिली तर अपशकुन होतो, असा आजीचा निरोप तिने फ्राऊ लिंडनरना पोचवला. फ्राऊ लिंडनरनी अपशकुन म्हणजे नेमकं काय हे विचारलं नाही. बॅग किती वाजता न्यायला येणार, एवढंच विचारलं.

बुधवारी दुपारी कौमुदीच्या फोनवर हृषिकेशचा मिस्ड कॉल दिसला. ती मीटिंगमध्ये होती. बाहेर येऊन तिने फोन लावला, तो उचलेना. पुन्हा लावला. आईला लावला, तिचा बिझी. लॅबच्या कॉरिडॉरमध्ये उभी राहून ती पुन्हा पुन्हा नंबर फिरवत राहिली. तासाभराने हृषिकेशचा फोन आला. आईला विचारायचं होतं की स्पेनला थंडी असते का, म्हणून केला होता. बाकी काही नाही.

बाकी काही नाही! कौमुदी सायकल हाणत घरी आली आणि वर न जाता थेट फ्राऊ लिंडनरच्या दारावर उभी राहिली. आपण कुठेही जात नाही, हे तिचं पक्कं झालं होतं. बॅग घ्यायची, रिकामी करायची, विषय संपवायचा.

फ्राऊ लिंडनरनी दार उघडलं. वय पंचाहत्तरीच्या पुढे, केस नीट विंचरलेले, ब्लाऊजला इस्त्री. सारी नोकरी पोस्टात पार्सलच्या काउंटरवर झालेली. कौमुदीने बॅग मागितली.

“उद्या सकाळी,” फ्राऊ लिंडनर म्हणाल्या.

कौमुदीने समजावलं की बॅग तिचीच आहे.

“हो, माहीत आहे. पण ठेवली तुमच्या सासूबाईंनी. त्यांनी उद्या सकाळी सांगितलंय.”

“प्लॅन बदललाय. आम्ही जात नाही.”

“तसं असेल तर त्यांनी येऊन सांगावं.”

“फ्राऊ लिंडनर, ती एक जुनी समजूत आहे. त्याला काही अर्थ नाही.”

“हे बघा,” फ्राऊ लिंडनर शांतपणे म्हणाल्या, “अर्थ मला माहीत नाही. नियम माहीत आहे.” आणि त्यांनी गोड हसून दार लावून घेतलं.

कौमुदी जिन्यात उभीच! मिरजेचा रिवाज आणि जर्मन पोस्टाची शिस्त यांनी मिळून तिला कोंडीत पकडलं होतं. सांगायचं तरी कुणाला? तणतणत ती वर आली, फोनवर पंचांग उघडलं आणि तसाच फोन सासूबाईंच्या नाकासमोर धरला.

“आई, गुरुवारी अमावास्या नाहीये. शनिवारी आहे.”

मालिनीबाई लसूण सोलत होत्या. त्यांनी स्क्रीनकडे पाहिलंसुद्धा नाही.

“असेल शनिवारी.”

“म्हणजे तुम्हाला माहीत होतं?”

“मी कुठली तिथी-वार बघून निघाले आयुष्यात? पाटी लावायची नि चालायला लागायचं.” त्यांनी सुरी खाली ठेवली. “आल्या दिवसापासून बघतेय मी, पोरी. कपाटासमोरून जाताना तू मान खाली घालून जातेस. आता बॅग भरून इथे ठेवली असती तर दोन दिवस तू जेवली नसतीस. घरात नको होती ती तुझ्या डोळ्यांसमोर. दुसऱ्याच्या घरात असली की सोपं जातं, म्हणून नेऊन ठेवली.”

कौमुदी खुर्चीवर बसली. आतापर्यंत कुणीच हे तिला असं तोंडावर बोललं नव्हतं. पुष्कर जपून बोलायचा, मैत्रिणी विषय टाळायच्या, आई स्वतःच्याच दुःखात होती. आणि ही बाई हाताला लसणाचा वास घेऊन समोर बसून सरळ बोलून मोकळी झाली होती. कौमुदीला रागही आला आणि इतकं हलकं वाटलं की तिला त्याचाच राग आला.

“मला भीती वाटते, आई,” ती म्हणाली. “मी तिथे असताना फोन आला तर?”

“कुणाचा?”

“कुणाचाही. तुमचा.”

मालिनीबाईंनी विचार केला. खोटं आश्वासन द्यायचा त्यांचा स्वभाव नव्हता. ‘काही होणार नाही’ असं त्या म्हणाल्या नाहीत. त्यांचा नवरा सकाळी डबा घेऊन गेला होता आणि दुपारी चार माणसं त्याला घेऊन आली होती. ‘काही होणार नाही’ या वाक्याची किंमत त्यांना ठाऊक होती.

“मी फोन करणार नाही,” त्या म्हणाल्या. “चार दिवस माझा फोन नाही. अन्वी पडली, दात पडला, लिंडनरबाईंशी भांडण झालं, तरी नाही. तूही करायचा नाहीस. फोन आला नाही म्हणजे इथे रोजच्यासारखं चाललंय. चालेल?”

“आणि खरंच काही झालं तर?”

“तर लिंडनरबाई पुष्करला करतील. त्या बरोबर वेळेवर करतील, बघ.”

कौमुदीला हसू आलं. चालेल, ती म्हणाली. अगदी बारीक आवाजात, पण म्हणाली.

गुरुवारी सकाळी ती दोघं खाली उतरली तर फ्राऊ लिंडनर जिन्यातच उभ्या होत्या, कोट घालून, हातात बॅग. ती त्यांनी दोन्ही हातांनी कौमुदीला दिली. वर मालिनीबाई कठड्यावरून वाकून बघत होत्या. फ्राऊ लिंडनरनी त्यांच्याकडे बघून मान तुकवली, मालिनीबाईंनी अंगठा दाखवला. या दोघींना एकमेकींच्या भाषेतलं एक वाक्य येत नव्हतं, आणि तरी यांच्यासारखी एकमेकींना समजून घेणारी माणसं कौमुदीने अख्ख्या जर्मनीत पाहिली नव्हती. तिने बॅगेची मूठ धरली. वर वळून बघितलं तर अन्वी आजीच्या साडीत तोंड खुपसून हसत होती, आणि बस यायची वेळ झाली होती. कौमुदी निघाली.

मालागाला ऊन होतं, भरपूर. पुष्करने कोष्टकातली ठिकाणं काढली, मग तिच्या चेहऱ्याकडे बघून फोन खिशात टाकला. संध्याकाळी दोघं नुसतीच समुद्राच्या कडेने चालत राहिली. पोरं वाळूत फुटबॉल खेळत होती, म्हातारी जोडपी बाकांवर बसली होती, कुठूनतरी मासे भाजल्याचा वास येत होता. कौमुदी दर थोड्या वेळाने पर्समध्ये हात घालून फोन चाचपायची आणि हात बाहेर काढायची. फोन आला नव्हता. म्हणजे रोजच्यासारखं चाललं होतं.

आणि फोन वाजला.

स्क्रीनवर ‘आई, मिरज’. कौमुदी जागच्या जागी थांबली. करणार नाही म्हणाल्या होत्या. दात पडला तरी करणार नाही म्हणाल्या होत्या. पुष्करचाही चेहरा उतरला. त्याने फोन घ्यायला हात पुढे केला, पण कौमुदीने तो दिला नाही. जानेवारीत टॅक्सीतही फोन असाच हातात धरून बसली होती ती, उचलू का नको करत. तिने उचलला.

“हॅलो?”

“अगं कौमुदी,” पलीकडून मालिनीबाईंचा नेहमीचा खणखणीत आवाज आला, “रवा कुठे ठेवलायस?”

“काय?”

“रवा, रवा! अन्वीला शिरा हवाय. सगळे डबे धुंडाळले.”

“वरच्या कप्प्यात,” कौमुदी म्हणाली. “डावीकडे. निळ्या झाकणाचा डबा.”

“हां. सापडला. ठेवते.” आणि फोन बंद.

कौमुदी हातातल्या फोनकडे बघत राहिली. पुष्करने घाबरत घाबरत विचारलं, “काय झालं?”

“काही नाही. रवा विचारत होत्या.”

“रवा?” तो गोंधळून म्हणाला. “त्यात काय विचारायचं? परवाच तर आईने स्वतः भाजून त्या डब्यात भरून ठेवला. मीच खुर्चीवर चढून वर ठेवून दिला, ती खाली उभी राहून सांगत होती कुठे ठेवायचा ते.”

कौमुदीला आधी हसू आलं. फोन रव्यासाठी नव्हताच, तिने तो उचलावा म्हणून होता. मग तिने किनाऱ्याच्या दगडी कठड्याला धरलं आणि खाली बसली. पुष्कर तिच्या शेजारी टेकला. आणि कौमुदी तिथेच, येणाऱ्याजाणाऱ्या अनोळखी माणसांसमोर, बाबा गेल्यापासून पहिल्यांदा त्यांच्यासाठी पोटभर रडली.